पुढच्या सीटवरून: खोपोली ते शेलू आणि परत

दोघांनी चालवायच्या सायकलवर मागे बसणाऱ्याला समोर फक्त पुढच्याची पाठ दिसते. आमच्या घरात ही तक्रार बरीच वर्षं माझी होती. अविनाश पुढे आणि मी मागे. महाबळेश्वर काय, हरिहरेश्वर काय, अर्धा महाराष्ट्र मी त्यांच्या घामेजलेल्या शर्टाच्या कडेने पाहिला आहे. गेल्या वर्षापासून मी पुढे बसते आणि ते मागे. त्यांना माझी पाठही दिसत नाही, त्यामुळे ही तक्रारही आता कुणी करत नाही.

अविनाश म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचं नाव असं सरळ लिहिलं की आमच्या बार्शीकडच्या बायका अजूनही भुवया उंचावतील, पण सायकलवर अहो-जाहोला वेळ नसतो. "अहो, पुढे खड्डा आहे हं," एवढं म्हणेपर्यंत खड्डा मागच्या चाकाखालून निघून गेलेला असतो. त्यांचे डोळे पडद्याच्या आजाराने हळूहळू गेले. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं, मग समोरचं. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. सायकल गॅलरीत चादरीखाली उभी राहिली आणि हे आतल्या खोलीत रेडिओपाशी. बाहेर पडू या म्हटलं की म्हणायचे, "दंडाला धरून चालवायला मी काय नवरदेव आहे?"

शेवटी मीच म्हटलं, मी पुढे बसते. खूप दिवस हो-नाही चाललं. मग ते तयार झाले, पण अट घालून. तीन दिवसांची एक फेरी करायची. जमली तर पुढे कोकणातही उतरू. नाही जमली तर सायकल विकून टाकायची, आणि त्यांना घराबाहेर काढायचा आग्रह मी पुन्हा धरायचा नाही. हे ते रागाने म्हणाले असते तर मी मनावर घेतलं नसतं. ते अगदी शांतपणे म्हणाले.

जागा त्यांनीच निवडली. लग्नाआधी ते खोपोलीच्या एका कारखान्यात इंजिनियर होते आणि राहायला कर्जतला. पळसदरीच्या रस्त्याने सायकलवर कामाला जायचे. रविवारी शेलूला, कारखान्यातल्या बाळाराम नावाच्या फिटरच्या शेतावर मुक्काम. "तो रस्ता मला पाठ आहे," ते म्हणाले. "न दिसता चालेल असा तेवढाच एक."

तयारीबद्दल आम्हाला फार जण विचारतात, म्हणून थोडं सांगते. लांब सायकल चालवताना पाय दुखतात असं ज्यांना वाटतं त्यांनी लांब सायकल चालवलेली नाही. आधी बूड दुखतं, मग तळहात बधिर होतात, मग मान धरते, आणि पायांचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो. माझ्या नणंदेने मोठ्या मायेने सीटला फोमचं जाडजूड कव्हर शिवून दिलं होतं. ते आम्ही मोठ्या मायेने काढून ठेवलं. मऊ सीटवर माणूस रुततो आणि घासला जातो. अरुंद, जरा कडकच सीट बरी. गादीची सायकलपँट घालायची ती उघड्या अंगावर, आत काही नाही. हे कळायला मला या वयात लाज सोडावी लागली. मांड्यांना आधीच व्हॅसलिन. तहान लागायच्या आत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, भूक लागायच्या आत खजूर नाहीतर लाडू. अधूनमधून पेडलवर उभं राहून बुडाला सुटी द्यायची.

मागच्या सीटचं दुखणं मात्र वेगळं. मागचा माणूस चाकाच्या डोक्यावर बसलेला, सगळे दणके त्याला. डोळस माणूस खड्डा दिसला की नकळत अंग उचलतो. ज्याला दिसत नाही तो दणका थेट पाठीच्या कण्यावर घेतो. म्हणून आम्ही हाका ठरवल्या. मी "खड्डा" म्हटलं की त्यांनी बूड उचलायचं. "सोडते" म्हटलं की पाय थांबवायचे, कारण दोघांची पेडलं एकाच साखळीने बांधलेली असतात. एक थांबला आणि दुसरा चालवत राहिला तर घोट्याला हिसका बसतो. "डावं", "उजवं", "ब्रेक". पुण्यात पहाटे रिकाम्या रस्त्यांवर याची घोकंपट्टी केली. खड्डे जमले, ब्रेक जमले. वळण काही जमेना. वळणावर सायकलबरोबर अंग सैल सोडून झुकायचं असतं. अविनाश ताठ व्हायचे. मागे एवढा माणूस ताठ झाला की हँडल माझ्याशी भांडायला लागतं. मी म्हणायची, सैल बसा. ते म्हणायचे, बसलोय. अंग मात्र ऐकत नव्हतं.

शिळफाटा, पळसदरी

फाल्गुन लागायच्या सुमाराला एका टेम्पोने आम्हाला आणि सायकलला घाट उतरवून खोपोलीच्या शिळफाट्यावर सोडलं. सायकल खाली उतरेपर्यंत भोवती माणसं जमली. भाजीवाले, रिक्षावाले, कामाला निघालेले लोक. चहाच्या टपरीवरच्या एका बाईने मला वर-खाली न्याहाळलं.

"काकी, काकांना मागं बसवलाय? उलटंच हाय तुमचं."

"मी आयुष्यभर चालवलं," अविनाश म्हणाले. "आता बसून हवा खातो."

"खावा खावा! आमच्या मालकाला पन शिकवा जरा, पुढचं सोडीत नाय."

सगळे हसले. अविनाशच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि हात माझ्या खांद्यावर, तेवढ्यावरून कुणाला काही कळलं नाही. मीही सांगितलं नाही. मी औषधाच्या दुकानात काउंटरला बरीच वर्षं काढली आहेत. कडू औषध पुडीत बांधताना चार शब्द गोड बोलायचे, हे माझ्या हाडात मुरलंय. "काही नाही हो, दोन दिवसांत बरं वाटेल." बरं वाटेल की नाही हे मला कुठे ठाऊक असायचं?

गाव मागे पडलं आणि पळसदरीचा रस्ता लागला. पळस फुलला होता. मी सांगायला सुरुवात केली. डावीकडे झाडाला पान नाही, सगळी केशरी फुलं. पलीकडे डोंगर, अजून धुक्यात. हे सगळं खरं होतं. मध्ये एका ठिकाणी डोंगराच्या कुशीतला अख्खा भाग पोखरून काढलेला दिसला, खडी वाहणारे डंपर उभे होते. तिथे मी सांगायचं थांबवून पाणी प्यायले.

मग अविनाशनी एकदम "थांब" म्हटलं. मी घाबरून ब्रेक लावला. ते मान वर करून हुंगत होते. "राब भाजतायत कुठेतरी." समोर उतारावर खरंच धूर होता. भाताचं रोप टाकायचं त्या जागेवर इकडे पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून जाळतात, जमीन भाजून घेतात. आमच्या बार्शीकडे ज्वारीच्या रानात असलं काही नाही, त्यामुळे मला तो नुसता धूर. ह्यांच्या चेहऱ्यावर मात्र कित्येक महिन्यांत न दिसलेलं काहीतरी उमटलं. मला वाटलं, जमली फेरी.

तिथेच झाडाखाली एक ठाकर बाई मोळी उतरवून बसली होती. अविनाश बाटलीसाठी हवेत चाचपत होते ते ती पाहत होती. तिने मला सरळ विचारलं, "त्याला दिसत नाय का?"

मी काहीतरी गोल गोल बोलणार, तोच अविनाश म्हणाले, "नाही. उजेड तेवढा दिसतो."

"उजेड दिसतो ना? मग बरा हाय," ती म्हणाली, आणि विषय संपवून तिने मोळीचा वेल घट्ट आवळला. "हात लाव गं जरा." मी मोळीला हात लावला. मोळी डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

"किती दिवसांनी कुणीतरी सरळ विचारलं," अविनाश नंतर म्हणाले. मला तेव्हा त्यात विशेष वाटलं नाही. बाईला रीत नाही, एवढंच मनात आलं.

कर्जतला संध्याकाळी एका घरगुती खाणावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवलो. भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, घडी घातली तरी मोडत नाही. माझ्या माहेरची ज्वारीची भाकरी ताठ स्वभावाची, मोडेल पण घडी होणार नाही. मी हे म्हटल्यावर अविनाश म्हणाले, "माहेरचं सगळंच तसं." म्हणजे स्वारी खुशीत होती.

नेरळ, शेलू

दुसऱ्या दिवशी कर्जतहून नेरळकडे निघालो. डाव्या हाताला माथेरानचा डोंगर सोबतीला होता. नेरळ मात्र अविनाशनी वर्णन केलेलं नव्हतंच. जिकडेतिकडे इमारती, काही झालेल्या, काही बांबूच्या परांचीत बांधलेल्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॅटच्या जाहिराती. मी म्हटलं, "गाव वाढलंय." तेवढंच.

नेरळ सुटलं आणि अविनाश लहान मुलासारखे विचारायला लागले. आता एक मोरी येईल. आली का? आली. मग दगडी मारुती. आला का? आला, शेंदूर ताजा आहे. मग समोरच उजव्या हाताला बाळारामचं शेत. कोपऱ्यात विहीर, तिच्यावर आंबा.

मारुतीसमोर उजव्या हाताला सात मजली इमारती होत्या. निळ्या आणि पिवळ्या रंगाच्या. गेटवर सिमेंटचे दोन घोडे पुढचे पाय उचलून उभे. त्या विहिरीवर बसून हे तरुणपणी मासे खायचे, पावसाळ्यात भाताच्या चिखलणीला उतरायचे, ते मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला ती विहीर स्वतः पाहिल्यासारखी वाटायची. आणि तिथे घोडे.

"शेत दिसतंय?" मागून आवाज आला.

"दिसतंय ना," मी म्हटलं. "वाल काढायला आलाय. छान झालाय."

"विहीर?"

"आहे."

"आंब्याला मोहोर आहे का गं?"

"भरपूर."

त्यांचे प्रश्न तिथेच थांबले. मला वाटलं, मन भरून आलं असेल. थोडं पुढे वळण होतं. मी "डावं" म्हटलं आणि मागे ते असे ताठ झाले की सायकल रस्त्याच्या कडेच्या खडीत गेली. पडलो नाही, पण माझा गुडघा कडेच्या एका फाटकाच्या खांबाला घासला. "काही नाही, काही नाही," मी म्हटलं. रक्त मोज्यापर्यंत आलं होतं.

बाळाराम गावाच्या तोंडाशी वाट पाहत उभा होता. पांढऱ्या केसांचा, उंच, पँटशर्टातला. त्याने अविनाशना सायकलवरून उतरूच दिलं नाही, तशीच मिठी मारली.

"सायब! वळखलं का आमाला?"

"आवाज तोच आहे तुझा. पोट आलंय मात्र," अविनाश म्हणाले.

"आता त्ये लपवून काय करू तुमच्यापासनं!"

दोन मजली स्लॅबचं घर, पुढे तुळस, दारात मोटारसायकली. मुलं मुंबईला नोकरीला जातात. बाळारामच्या बायकोने, मथुराबाईने, माझा गुडघा धुतला, हळद दाबली आणि मला आधी पाटावर बसवलं. सुकटीची चटणी, भाकरी, बिरडं. पुरुषांआधी मला वाढलं म्हणून मी संकोचले तर म्हणाली, "गं बाई, चालवत तूच आलीस ना? मग तू आधी जेव."

जेवताना अविनाश म्हणाले, "शेत बघत आलो तुझं. हिने सांगितलं. वाल छान झालाय म्हणे."

बाळारामचा घास हातात राहिला. "कंच्या शेतात वाल? सायब, शेत कवाच इकलं. बिल्डिंगी झाल्या तिथं. मारुतीसमोर, घोडं हायत बगा गेटावर." मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि बिचाऱ्याने मला वाटही काढून दिली. "वयनींनी दुसऱ्या कुनाचं पायलं आसंल."

मी बिरड्यातले वाल बोटाने एका कडेला सारले.

"हो," अविनाश शांतपणे म्हणाले. "दुसऱ्याचं असेल." आणि मथुराबाईंकडे आणखी अर्धी भाकरी मागितली.

त्या दिवशी दोघं मित्र कारखान्यातल्या गप्पा मारत बसले. अविनाश हसत होते. माझ्याशी जरूर तेवढं बोलत होते. त्यांनी चारचौघांत मला झाकलं होतं, आणि मला त्याचीच जास्त शरम वाटत होती.

शेलू ते कर्जत

सकाळी मी सायकल अंगणात काढली, टायरची हवा बघितली. अविनाश ओट्यावर बसले होते, पायांत साध्या चपला.

"बूट कुठायत?" मी विचारलं.

"बाळारामला टेम्पो बघायला सांगितलाय. सायकल टाकू आणि घरी जाऊ."

"एवढ्याशा गोष्टीवरून? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले मी."

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "मारुतीच्या पुढे गेल्यावर चाकांचा आवाज परत यायला लागला. भिंत असली की आवाज परत येतो. शेतावरून येत नाही. वालाचा वास नव्हता. सिमेंटचा होता."

"मग मोहोराचं कशाला विचारलंत?"

"तू कुठे थांबतेस ते बघत होतो."

मला रागच आला. परीक्षा घेत होते माझी! मी म्हटलं, इतकी वर्षं तुमच्या पाठीमागे मुकाट्याने बसले, मला कधी तुमची परीक्षा घ्यावीशी वाटली नाही.

"तुला दिसत होतं," ते म्हणाले. "माझ्या खांद्यावरून डोकावून तुला रस्ता बघता येत होता. तू 'खड्डा' म्हणतेस तेव्हा मी उठतो. तिथे खड्डा आहे का, हे मला कधीच कळणार नाही. तू 'उतार सोपा आहे' म्हणतेस, तो सोपा असतो की मी घाबरू नये म्हणून म्हणतेस? काल मोहोर ऐकल्यापासून प्रत्येक हाकेला माझ्या डोक्यात हेच. असं सायकलवर बसता येत नाही गं. माझं अंग बसू देत नाही."

मथुराबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती परत आत गेली.

"आणि वाईट वाटायचं ते मला वाटू दे," ते म्हणाले. "ते तरी माझं राहू दे."

मी खाली ओट्याच्या पायरीवर बसले. माझ्या डोळ्यांसमोर पुण्याची ती आतली खोली आली, रेडिओ आला. त्या खोलीत मीसुद्धा असंच गोड गोड बोलत आले होते. डॉक्टर काय म्हणाले? फारसं काही नाही. शेजारच्यांकडे लग्न आहे का? छे, अजून ठरलं नाही. त्यांना कुणाच्या दंडाला धरून गर्दीत जावं लागू नये म्हणून. बाहेर आलो तरी मी खोलीच्या चार भिंती सोबत घेऊन आले होते.

"माझा गुडघा काल चांगला फाटलाय," मी म्हटलं. "तुम्ही वळणावर ताठ झालात म्हणून. आणि नेरळच्या पुढे ट्रक जवळून गेला तेव्हा मी इतकी घाबरले होते की माझे हात अजून दुखतायत. आता जे दिसेल तेच सांगेन. चांगलं, वाईट, सगळं. या."

त्यांनी चपला काढून ओट्याखाली सरकवल्या. मग म्हणाले, "कर्जतपर्यंत बघू. बूट दे."

बाळारामने टेम्पोवाल्याला फोन करून "ऱ्हाऊ दे रं" म्हणून सांगितलं. मथुराबाईने भाकऱ्या बांधून दिल्या.

पहिला थांबा मारुतीसमोर. मी सायकल थांबवली आणि दोन घोड्यांपासून सुरुवात केली. एका घोड्याचा कान तुटलाय. इमारती निळ्या-पिवळ्या, गॅलऱ्यांत कपडे वाळत घातलेत, एक बाई फरशीवर पापड घालतेय. आंबा नाही. आंबा कुठेच नाही. विहीर दिसत नाही.

गेटवरचा वॉचमन पुढे आला. "किससे मिलना है?"

"यहाँ एक कुआँ था," अविनाश म्हणाले. "उससे."

वॉचमनला आधी वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मग त्याने चष्म्याकडे पाहिलं आणि गेट उघडलं. "है ना. आओ." आतल्या बागेत, मुलांच्या घसरगुंडीपलीकडे, जमिनीसरसं सिमेंटचं गोल झाकण होतं, मध्ये लोखंडी जाळी. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. जाळीला गंज, शेजारी चिप्सची रिकामी पाकिटं. अविनाश मांडी घालून झाकणाजवळ बसले आणि जाळीवर कान टेकवला. खाली मोटर घुमत होती.

"पाणी आहे," ते म्हणाले.

"बहुत है," वॉचमन म्हणाला. "गर्मी में भी नहीं सूखता. पूरा गार्डन इसी पे है."

अविनाश तिथे बसूनच राहिले. चष्म्याखालून गालावर पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, आणि मी त्यांना "उठा आता" म्हटलं नाही. आदल्या दिवशी मी त्यांच्या हातात जी विहीर दिली होती तिला पाणी नव्हतं. हिला होतं.

तिथून कर्जतपर्यंत मी बोलत गेले. सुरुवातीला माझा जरा अतिरेकच झाला. उजवीकडे कचरा, डावीकडे कचरा, पुढे मेलेलं कुत्रं, कावळे बसलेत, एक माणूस रस्त्याकडे तोंड करून लघवी करतोय. "एवढं नको," मागून आवाज आला. मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात सगळं." खड्डा, खड्डा, सोडते. आता मागचं वजन दर हाकेला बरोबर वेळेवर उचललं जात होतं. काल थोडं उशिरा उचललं जात होतं, ते मला आज कळलं.

वळणांवर मात्र ते अजूनही ताठच होते.

चौकच्या वाटेवर

कर्जतला पोचल्यावर मी विचारलंच नाही. भाकऱ्या खाल्ल्या, हातमोजे उन्हात वाळवले. तेच म्हणाले, "पळसदरीने परत नको, तो आपण केला. चौक गावावरून खोपोली गाठू. तो रस्ता मला पाठ नाही."

ऊन चढलं होतं. चौकच्या अलीकडे रस्ता चढायला लागतो. घाट म्हणावा एवढं काही नाही, पण जड सायकलवर आमच्या वयाच्या दोन माणसांना पुष्कळ झालं. गियर उतरवले, दोघांच्या श्वासांचे आवाज एक झाले. माझ्या तळहातांना मुंग्या आल्या, त्यांच्या कमरेत उसण भरली. मी म्हटलं, "अजून बराच आहे चढ. संपत आलाय असं वाटत नाही." एरवी मी शंभर वेळा म्हटलं असतं, हे बघा आलंच. ते म्हणाले, "बरं," आणि पेडल मारत राहिले.

वर पोचून एका झाडाच्या सावलीत थांबलो. पुढे उतार, लांबलचक आणि वळणांचा. खाली मैदानात इमारतींचे ठिपके, त्यापलीकडे द्रुतगती मार्गावर गाड्यांची सरकती ओळ. मी सगळं सांगितलं. उतार तीव्र आहे. डांबर एका ठिकाणी उखडलंय. दोन वळणं आहेत, दुसरं आंधळं आहे, पलीकडचं दिसत नाही. मला भीती वाटतेय.

अविनाशनी चष्मा काढला आणि रुमालाने चेहरा पुसला. चष्मा परत घातला नाही. ते माझ्या आवाजाच्या दिशेला वळले.

"एक विचारू? माझी म्हातारी आई म्हणते, डोळे बघून कुणाला कळणारही नाही. अगदी पूर्वीसारखे दिसतात म्हणते. दिसतात का गं?"

हे त्यांनी मला आजवर कधी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडाशी "हो" तयार होतं. आयुष्यभराच्या सरावाने ते आपोआप तयार झालं होतं. मी ते गिळलं.

"नाही," मी म्हटलं. "मी तुमच्या समोर आहे आणि तुम्ही माझ्या कानाच्या पलीकडे बघताय. डावा डोळा आत वळलाय. बुबुळं सारखी हलत असतात. कुणालाही कळतं."

त्यांनी मान खाली घातली. खालून एक टेम्पो चढ चढत आला, आमच्यासमोरून घरघरत गेला, त्याचा आवाज मागे विरून गेला. मला वाटलं, आता हे म्हणतील, टेम्पो थांबव.

"आणि तुला कसं वाटतं? बघायला?"

"सुरुवातीला वाईट वाटायचं. मी दुसरीकडे बघायची. आता सवय झालीय. आता मी बघते."

त्यांनी हळूहळू मान डोलावली. चष्मा खिशात ठेवला. हाताने सीट चाचपली, टांग टाकली, दोन्ही पाय पेडलवर घेतले आणि थांबून राहिले. निघायचं केव्हा ते मीच सांगायचं होतं.

निघालो. खड्डा. सोडते. ब्रेक. उखडलेलं डांबर, खड्डा, खड्डा, उठूनच राहा. मग पहिलं वळण आलं. मी "डावं" म्हटलं आणि सवयीने हँडल घट्ट आवळून धरलं, भांडायच्या तयारीने. भांडायला कुणी नव्हतं. मागचं सगळं वजन माझ्याबरोबर डावीकडे झुकलं, इतकं अलगद की क्षणभर मला वाटलं ते मागे नाहीतच. दुसऱ्या, आंधळ्या वळणालाही तसंच. सायकल पाण्यासारखी वळली. पलीकडे रस्ता मोकळा होता आणि मी तसं ओरडून सांगितलं.

मग समोरचा रस्ता मला पुसट दिसायला लागला. ठरल्याप्रमाणे तेही सांगायला हवं होतं.

"मी रडतेय," मी म्हटलं.

"मग थांब आधी," ते मागून म्हणाले. "डोळे पूस. मग जाऊ."